आजोबांची मर्सिडीज

फर्स्ट इयरला होस्टेलवर सिनियर्सनी ओळखपरेड घेतली, तेव्हा मी भाबडेपणाने सांगून बसलो, "आमच्या आजोबांकडे मर्सिडीज होती." सगळे सावरून बसले. "कुठली रे? काळी की पांढरी?" मी म्हटलं, "सहा चाकी." तेव्हापासून होस्टेलवर माझं नाव 'मर्सिडीज' पडलं ते आज थर्ड इयरपर्यंत तसंच आहे.

पण मित्रांनो, ती थाप नव्हती. १९५४ साली टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. करार पंधरा वर्षांचा होता, १९६९ ला संपला. तोवर त्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा, नंतर तिथे टाटांचा 'टी' आला. म्हणून आमच्या भागातले जुने ड्रायव्हर अजूनही टाटाच्या नाकवाल्या गाडीला 'मर्सिडीज' किंवा नुसतं 'बेंझ' म्हणतात. पिंपरीच्या कारखान्यातून ट्रक निघू लागले ते १९७७ पासून. म्हणजे आजोबांची गाडी जमशेदपूरचीच.

आजोबांनी ती १९७४ साली एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून सेकंडहँड घेतली. कराडहून कोल्हापूरला गूळ, हंगामात कारखान्याला ऊस, आणि लग्नसराईत वऱ्हाडसुद्धा. वडिलांचं शिक्षण, आत्याचं लग्न, विहिरीचं कर्ज, सगळं तिच्यावर झालं. १९९६ पासून ती गोठ्यामागे चिंचेखाली उभी आहे. टायर केव्हाच बसले, हौद्यात आज्जी शेणी रचते.

आता काकांना तिथे नवीन शेड घालायची आहे. मागच्या उन्हाळ्यात भंगारवाला येऊन गेला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला लाथ घातली आणि किलोचा भाव सांगितला. काका जवळपास तयार झाले होते. मी मध्ये पडलो. म्हटलं, "काका, ही व्हिंटेज आहे." काका म्हणाले, "कागदावर दाखव, मग बोल."

बरोबर बोलले! इंजिनिअरिंगच्या पोराला याहून सरळ आव्हान कोण देणार? म्हणून सुट्टीत मी आणि गावातले मेस्त्री कामाला लागलो. त्यातून जे शिकलो ते जर्नलमध्ये नाही, म्हणून इथे लिहितोय.

पहिला धडा : नाकावरच्या चिन्हावर कधीही जाऊ नये. तारा दोन स्क्रूंवर बसतो. जुन्या बाजारात तो सुटा मिळतो आणि कोणीही कशावरही ठोकतो. शिवाय एकाच गाडीला अनेक नावं असायची. वालचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो आणि डिसोटो अशा नावांचे ट्रक काढले, पण आत माल जवळजवळ तोच. नाव वाचून गाडी ओळखणं म्हणजे कव्हर बघून जर्नल तपासणं.

दुसरा धडा : केबिन आणि हौद्यावरूनही काही कळत नाही. त्या काळी कंपनी ट्रक विकायची म्हणजे काय विकायची? चॅसी, इंजिन, चाकं आणि पुढचं नाक. बस्स. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, डोक्याला फडकं आणि डोळ्यांना गॉगल लावून ती उघडी चॅसी शेकडो मैल चालवत आणायचा. मग गावचा बॉडीबिल्डर सागवान आणि पत्र्याची केबिन बांधायचा. आमच्या गाडीची केबिन दोनदा बदलली आहे. सध्याची तिसरी.

तिसरा धडा : खरी ओळख चॅसी नंबर. तो पट्टीवर ठोकलेला असतो, पण आमच्या गाडीवर चाळीस-पन्नास वर्षांचं ग्रीस, माती आणि ऑइलपेंट यांचा एक बोट जाड थर होता. रॉकेल, तारेचा ब्रश आणि दोन दुपारी एवढं लागलं. मग आरटीओत करतात तशी कागद ठेवून वरून पेन्सिल घासून चॅसी प्रिंट काढली. एकेक आकडा उमटत गेला तसे मेस्त्री आजोबांच्या आरसी बुकातून मोठ्याने वाचत होते. जुळला! सगळा नंबर जुळला. आरसीवर उत्पादनाचं साल १९६१. नंबरप्लेटही १९८९ च्या आधीची, तीन अक्षरी. आजोबा अंगणात खाटेवर बसून होते. ते एवढंच म्हणाले, "मी काय खोटं सांगत होतो का?"

चौथा धडा मात्र कडू निघाला. त्या काळच्या टाटा-मर्सिडीजला बेंझचं ओएम ३१२ इंजिन असे. सहा सिलिंडर, बोअर ९० मिलिमीटर, स्ट्रोक १२०, मिळून ४५८० सीसी. या इंजिनाला हेडमध्ये प्रीचेंबर असतं आणि थंडीत सुरू करायला ग्लो प्लग. आमच्या हेडमध्ये ग्लो प्लग सापडेनात. मेस्त्रींनी हेड उतरवलं. सिलिंडरच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पिस्टन रिंग पोहोचत नाही, तिथे झीज होत नाही, म्हणून व्हर्निअर तिथे लावला. ९२ मिलिमीटर! आता रिबोअर केलेलं असेल तर हे माप फसवू शकतं. म्हणून ब्लॉकवरचा नंबर घासून काढला. सुरुवात ६९२ ने. म्हणजे टाटांचं नंतरचं इंजिन : ६ सिलिंडर, ९२ चा बोअर. (पुढे ९७ बोअरचं ६९७ आलं, त्याचंही नाव याच हिशोबाने.) थोडक्यात, आजोबांच्या मर्सिडीजच्या पोटात मर्सिडीजचं इंजिन नव्हतं.

मी हिरमुसलो. आजोबा अजिबात नाही. त्यांनी आरसी बुकाचं मागचं पान उघडून दाखवलं. १९८३ साली इंजिन बदलल्याची नोंद, आरटीओच्या शिक्क्यासकट. जुन्या इंजिनाचा ब्लॉक हंगामाच्या ऐन मध्यात तडकला होता. जर्मन पार्ट मिळेना, मिळाला तर परवडेना, आणि ऊस तर फडात वाळत होता. म्हणून हे बसवलं. "गाडी उभी ठेवून ओरिजनल राखली असती," आजोबा म्हणाले, "तर तुझ्या बापाची फी कोणी भरली असती?"

माझ्या लेखाचा मुद्दा खरं म्हणजे इथेच आहे.

२०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली, अशी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. फार चांगली गोष्ट. पण हे नियम आहेत दुचाक्यांसाठी आणि खासगी वापराच्या चारचाक्यांसाठी. मालवाहू ट्रक त्या व्याख्येत बसत नाही. आणि उद्या बसवला तरी 'मूळ स्वरूप' या शब्दावर आपटणार, कारण ट्रकला मूळ स्वरूप राखायला कोणी घेतच नाही. कंपनीने ज्याला बॉडीच दिली नाही, त्याची मूळ बॉडी आणायची कुठून?

महाराजांची गाडी गॅरेजमध्ये मखमलीखाली राहिली म्हणून ती मूळ स्वरूपात आहे. ट्रक राबला म्हणून नाही. राबण्याचीच ही शिक्षा म्हणायची का? इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकापासून जुन्या ट्रक-बसची लंडन ते ब्रायटन अशी दरवर्षी वारी निघते, हजारो लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बघतात. आपल्याकडच्या व्हिंटेज रॅलीत मी आजवर मोटारी पाहिल्या, मोटारसायकली पाहिल्या. ट्रक मला एकदाही दिसला नाही. धरणांचं सिमेंट, बाजारातलं धान्य आणि कारखान्याचा ऊस काय मोटारींनी वाहिला?

आता तुम्ही म्हणाल, जुना ट्रक धूर ओकतो, त्याचे ब्रेक आजच्या रहदारीचे नाहीत. शंभर टक्के मान्य. अशा गाडीत माल भरून हायवेला काढायची परवानगी मीसुद्धा देणार नाही. भंगार धोरणालाही माझा विरोध नाही, दमलेल्या गाड्या रस्त्यावरून जायलाच हव्यात. माझं म्हणणं इतकंच की ट्रकसाठीही व्हिंटेजचा एक वर्ग असावा. अट तीन गोष्टींची : चॅसी मूळची हवी, बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद हवी, आणि धंदा पूर्ण बंद हवा. वर्षातून दोन-चार दिवस प्रदर्शनाला किंवा रॅलीला नेता आला की झालं. कारच्या बाबतीत दुरुस्ती हा डाग असेल. ट्रकच्या बाबतीत ती सर्व्हिस बुक आहे. १९८३ ची ती नोंद पुसून कुठूनतरी ओएम ३१२ आणून बसवलं, तर आमची गाडी जास्त खरी होईल का? मला तरी तसं वाटत नाही.

आणि ज्यांना वाचून उत्साह आला असेल त्यांना एक सावधगिरीची सूचना. असा ट्रक घेणं सोपं, सांभाळणं अवघड. चार-साडेचार टनांचं धूड ठेवायला जागा लागते, आणि ती जागा बहुधा काकांची असते. सहा टायर, बॅटऱ्या, इंजेक्शन पंपाचं काम, प्रत्येक गोष्ट मोटारीच्या दुप्पट-तिप्पट. आरसी आणि चॅसी नंबर जुळत नसेल, किंवा इंजिन बदलल्याची नोंद नसेल, तर कितीही स्वस्त असो, लांबूनच नमस्कार करा. चॅसी नंबर घासलेला दिसला तर नमस्कारही नको, सरळ पळा!

काकांना मी चॅसी प्रिंट आणि आरसी बुक शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही नीट वाचलं. म्हणाले, "व्हिंटेज आहे खरी. पण सरकार मानत नाही ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भंगारवाल्याला मात्र त्यांनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय. आजोबा रोज संध्याकाळी चिंचेखाली जाऊन बॉनेटवरचा पाला झाडून येतात.

तुमच्या गावी गोठ्यामागे अशी एखादी 'मर्सिडीज' उभी असेल, तर या सुट्टीत रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन जा. भंगारवाल्याच्या आधी पोहोचा.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)