लेकराचा श्वास हुंगून पाहा, आणि लगेच निघा

टोंकखुर्दच्या, देवास-धारच्या मायबापांनो, आजी-आजोबांनो, हे आजच वाचा. शेजारच्या घरीही वाचून दाखवा.

मूल सारखं पाणी मागतंय. रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठतंय. मोठं झालेलं पोर परत अंथरूण ओलं करतंय. कपडे ढिले पडलेत. मग उलट्या, पोटदुखी आणि धाप लागल्यासारखा खोल, भराभर श्वास. घरात कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं बाहेरचं खाणं बाधलं. इथेच घात होतो.

लेकराला जवळ घ्या. तोंडाचा वास घ्या. अति पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला, तर सकाळची वाट पाहू नका. आणि वास आला नाही म्हणूनही थांबू नका. काही जणांच्या नाकाला तो कळतच नाही.

हा मधुमेह असू शकतो. शरीरात इन्सुलिन नसलं की रक्तात साखर साठते, पण शरीराला ती वापरता येत नाही. ते चरबी जाळू लागतं. त्यातून कीटोन तयार होतात, रक्तात आम्ल वाढतं आणि ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडतो. मूल काही तासांत बेशुद्ध होऊ शकतं. जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी हा खोल श्वास १८७४ मध्ये नोंदवला, तेव्हा इलाज नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन मिळालं आणि तो सावरला. इलाज सापडून शंभर वर्षं उलटली. आता नुसत्या उशिरापायी आपलं मूल का जावं?

टोंकखुर्दचा सरकारी दवाखाना गाठा, नाहीतर थेट देवासचं जिल्हा रुग्णालय. १०८ ला फोन करा. "आधी साखर तपासा," असं तुम्हीच सांगा, संकोच नको. बोटातलं थेंबभर रक्त पुरतं, मिनिटभरात आकडा कळतो. श्वासावरून मधुमेह ओळखणाऱ्या यंत्रांवर शास्त्रज्ञ झटताहेत, पण आज भरवसा रक्ताच्या तपासणीचाच. सोयाबीनची काढणी दोन दिवस थांबेल. हा आजार थांबत नाही.

इन्सुलिन चालू असलेलं मूल तापलं, जेवलं नाही, तरी इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा. झाडपाल्यावर विसंबू नका.

आणि गुरुजी, बाई, तुम्हालाही विनवणी आहे. वर्गात सारखं पाणी पिणारं, सारखी लघवीची सुट्टी मागणारं मूल दिसलं तर रागावू नका. त्याच दिवशी त्याच्या घरी निरोप धाडा.