धुराडे बसले, धूर गेला काय?

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण मराठीत सर्वांच्या घरच्या उणिवा सारख्याच, या अर्थाने रूढ आहे. ग्रामीण भारताच्या बाबतीत ती आजही शब्दशः खरी ठरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वयंपाकासाठी प्रामुख्याने स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे ग्रामीण भागात ४३.२ टक्के होती. याचा अर्थ असा की, निम्म्याहून अधिक ग्रामीण घरांत त्या वेळीही लाकूडफाटा, गोवऱ्या, पऱ्हाट्या आणि तुराट्या यांवरच अन्न शिजत होते. घरातील धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लक्ष माणसे अकाली मृत्यू पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एखाद्या साथीने इतके बळी घेतले असते तर संसदेत त्यावर दिवसचे दिवस चर्चा झाली असती. चुलीपुढे बसणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते आणि ती बहुधा गरीब असते, म्हणून ही चर्चा होत नाही.

धूर घराबाहेर काढण्याचा विचार या देशात नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांच्या प्रेरणेने चाललेल्या ग्रामोद्योगांच्या कार्यातून ‘मगन चूल’ पुढे आली. १९५० नंतरच्या दशकात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धूररहित चुलीचा नमुना सिद्ध केला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ या गटाने तीन भांड्यांची, सरपण वाचविणारी चूल तयार केली. पुढे १९८३-८४ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली केंद्राने हा कार्यक्रम राज्यांकडे सोपवून अंग काढून घेतले, तोपर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्याची नोंद झाली होती. आकडा भव्य आहे. तथापि तो बसविलेल्या चुलींचा आहे; धूर गेलेल्या स्वयंपाकघरांचा नव्हे. या दोन आकड्यांत जे अंतर पडले, त्यातच आपल्या नियोजनाचा एक मूलभूत दोष दडलेला आहे.

धुराड्याचे शास्त्र साधे आहे. तापलेली हवा हलकी होऊन नळीतून वर चढते आणि तिच्या ओढीने चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत येते. ही ओढ टिकली तरच धूर बाहेर जातो. ओले सरपण जाळले की त्यातील पाण्याची वाफ होण्यातच बरीचशी उष्णता खर्ची पडते, जाळ मंद होतो आणि अर्धवट जळलेला धूर नळीच्या थंड भिंतींवर काजळी व डांबर यांच्या रूपाने साचतो. नळीचा व्यास आकसतो, ओढ कमी होते, आणि जो धूर वर जावयाचा तो उलट घरात पसरतो. साचलेले डांबर पेटले तर गवताने शाकारलेल्या छपरास धोका संभवतो. चुलीला तडा गेला किंवा वैलावर भांडे नसताना त्याचे तोंड उघडे राहिले, तरीही परिणाम तोच. म्हणजे धुराडे ही एकदा उभारून विसरून जाण्याची वस्तू नव्हे. विहिरीतला गाळ जसा काढावा लागतो, तसे धुराडेही नियमाने झाडावे लागते.

ओडिशातील खेड्यांत धुराड्याच्या चुलींचा अनेक वर्षे पाठपुरावा करून झालेला एक अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी तो केला. सोडत पद्धतीने चुली वाटल्या गेल्या. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील धुराचे प्रमाण घटले. त्यानंतर मात्र हा लाभ दिसेनासा झाला. चुलींची डागडुजी व सफाई पुरेशी झाली नाही, त्यांचा वापरही उत्तरोत्तर कमी होत गेला, आणि सरपणाची अपेक्षित बचतही झाली नाही.

अशा निष्कर्षांवरून एक सोपा अर्थ काढला जातो, तो असा की, गरिबाला चांगली वस्तू दिली तरी ती त्याला सांभाळता येत नाही. हा अर्थ सोयीचा असला तरी खरा नाही. धुराडे झाडावयाचे म्हणजे कोणी तरी कौलांवर किंवा पत्र्यावर चढावयाचे, नळीवरची टोपी काढावयाची, काजळी खरवडावयाची, तडे लिंपावयाचे आणि फुटलेल्या नळीसाठी तालुक्याच्या गावी खेप घालावयाची. हे काम कोणाच्या वेळात व्हावयाचे? २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या मिनिटांची किंमत शून्य धरली जाते. ज्या श्रमाची किंमत शून्य, तो अमर्याद उपलब्ध आहे असे योजनाकारांनी गृहीत धरले. शेतमजुरीवरून परतून पाणी व सरपण आणणाऱ्या बाईने आणखी एक काम आनंदाने अंगावर घ्यावे, ही अपेक्षा योजनेच्या कागदावर कोठेही लिहिलेली नव्हती. परंतु सारी योजना तिच्यावरच उभी होती.

वस्तुतः हा दोष चुलीपुरता मर्यादित नाही. आपल्या अर्थसंकल्पात योजनांतर्गत व योजनाबाह्य खर्च असा भेद दीर्घकाळ होता. नवे बांधकाम म्हणजे विकास, आणि बांधलेले टिकविणे म्हणजे प्रशासनाचा भार, अशी वृत्ती त्यातून रुजली. २०१७-१८ पासून हा भेद अर्थसंकल्पातून गेला. वृत्ती गेली नाही. हातपंप बसतात आणि बंद पडतात, शौचालये उभी राहतात आणि त्यांत गोवऱ्या रचल्या जातात. कारखानदार यंत्राचा घसारा दर वर्षी हिशेबात धरतो; गरिबाच्या घरातील साधनाला घसारा नसतो असे सरकार मानते.

ज्या देशांत लाकूड व कोळसा हेच थंडीपासूनचे संरक्षण होते, तेथील इतिहास येथे बोलका आहे. इंग्लंडमध्ये धुराडी झाडण्यासाठी लहान मुलांना नळीत चढविले जाई. १८४० च्या कायद्याने ते निषिद्ध केले, पण तो सर्रास डावलला गेला. १८७५ साली परवान्याची सक्ती झाल्यावरच ही प्रथा मोडली. जर्मनीत ठराविक मुदतीने धुराडे साफ करवून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे आणि तपासणीचा अधिकार विभागवार नेमलेल्या प्रशिक्षित कारागिराकडे असतो. देखभालीची किंमत कोणी तरी मोजतच असते. समाजाने ती उघडपणे मोजली नाही, तर ती सर्वांत दुर्बलाच्या शरीरातून वसूल होते. इंग्लंडात ती मुलांनी मोजली. आपल्याकडे ती स्त्रिया मोजत आहेत.

आता गॅस आला, मग धुराड्याची चर्चा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत शेगडी पोहोचविली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालानुसार, ३ कोटी १८ लक्ष लाभार्थ्यांनी डिसेंबर २०१८ पर्यंत वर्षाकाठी सरासरी ३.२१ सिलिंडरच घेतले होते. जोडणी एकदाच द्यावयाची असते; सिलिंडर पुन्हापुन्हा घ्यावा लागतो. येथेही सरकारने उद्‌घाटन साजरे केले आणि त्यानंतरच्या आवर्ती खर्चाचा मोठा वाटा गरिबावर टाकला. २०२२ व २०२३ साली वाढीव अनुदान द्यावे लागले, हीच या चुकीची कबुली होय. शेगडी कोपऱ्यात आणि चूल मध्यभागी, असे दृश्य म्हणूनच दिसते. धुराड्याने धूर केवळ घराबाहेर जातो, नाहीसा होत नाही, हेही खरे. अंतिम उत्तर परवडणारे स्वच्छ इंधन हेच आहे. पण ते प्रत्येक घरात बारमाही पोहोचेपर्यंत चुलीपुढे बसणाऱ्या बाईला थांबावयास सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे. पहिली, गरीब कुटुंबाला वर्षभर पुरतील इतके सिलिंडर त्याच्या मजुरीशी सुसंगत दरात मिळावेत. दुसरी, जेथे चूल आहे तेथे तिच्या देखभालीची जबाबदारी सार्वजनिक मानली जावी. प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातील एका कुंभाराला, गवंड्याला किंवा होतकरू तरुणीला प्रशिक्षण देऊन मानधनावर नेमावे; त्या व्यक्तीने धुराडी झाडावीत, तडे लिंपावेत, नळ्या बदलाव्यात. मानधन नव्या चुलींच्या संख्येवर नव्हे, तर चालू स्थितीतील धुराड्यांच्या संख्येवर ठरावे. घरकुल योजनेतील प्रत्येक स्वयंपाकघरात धूर जाण्याची वाट आराखड्यातच असावी.

हे होईपर्यंत कार्यकर्त्यांना करण्याजोगे पुष्कळ आहे. सरपण पावसाळ्यापूर्वी फोडून छपराखाली रचावे व वाळल्यावरच वापरावे. राख रोज काढावी. धुराडे महिन्यातून एकदा तरी, चूल पूर्ण थंड झाल्यावर झाडावे, आणि छपरावर घरातील पुरुषाने चढावे. नळीचे तोंड आढ्याहून उंच असावे व त्यावर टोपी असावी. नळी जेथे गवती छपरातून जाते तेथे तिच्याभोवती मोकळी जागा सोडून पत्रा बसवावा. जुन्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या नळ्या कोरड्या कापू किंवा फोडू नयेत. त्यांचे तंतू फुप्फुसांस घातक असतात.

समाजवादी चळवळीने कारखान्याच्या धुराड्याखालील श्रमिकाचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लढविला. त्याच श्रमिकाच्या घरातील काजळलेल्या भिंतीकडे मात्र, घरगुती बाब म्हणून, तिचेही दुर्लक्ष झाले. ग्रामसभेत चुलींचा हिशेब मागताना यापुढे ‘किती बसविल्या?’ एवढे विचारून भागणार नाही. ‘आज कितींतून धूर बाहेर जातो?’ हा प्रश्न विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर स्वयंपाकघरात जाऊन, तेथील बाईकडूनच घेतले पाहिजे.