बी रुजायला काय लागतं?

मागच्या पावसाळ्यात आत्यानं वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून वांग्याचं बी दिलं. कृष्णाकाठची वांगी. दरवर्षी एक फळ झाडावरच पिवळं होऊ देऊन तिनं स्वतः धरलेलं बी. देताना म्हणाली, "गुडघ्यांमुळं आता मला वाफ्यात बसवत नाही. तूच लाव." म्हणजे तिच्या वांग्याची सगळी जबाबदारी आमच्या पुण्यातल्या बाल्कनीवर येऊन पडली!

मी उत्साहाच्या भरात घरचं कंपोस्ट आणि लाल माती निम्मी निम्मी मिसळली, अर्धी पुडी पेरली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिलो. आठवड्याभरात रोपं वर आली. आणखी चार दिवसांत एकेक रोप मातीलगत मऊ पडून आडवं झालं. याला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियम, ऱ्हायझोक्टोनिया अशी बुरशीजन्य मंडळी हे करतात आणि त्यांना ओल फार आवडते. माझं कंपोस्टही अर्धकच्चंच होतं. थोडक्यात, लाडानं मारली मी ती रोपं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. पेरताना आपण 'सकस माती' शोधतो तिथेच चुकतो. बी आपली शिदोरी बरोबर घेऊन आलेलं असतं. रुजायला त्याला ओल, हवा आणि ऊब एवढंच लागतं. खताची गरज पडते ती नंतर, खरी पानं फुटू लागल्यावर. (पहिली दोन पानं ही बीजदलं. ती खरी पानं नव्हेत.)

नवरात्रातला घट आठवा. शेतातली साधी माती, वर धान्य, रोज थोडं पाणी. ना खत, ना औषध. तरी दसऱ्याला टोपीत खोवण्याइतकं वाढतंच की!

पण म्हणून सगळीकडे घटाची माती चालेल असंही नाही. गहू-ज्वारीचा दाणा दणकट. वांगं, टोमॅटो, मिरची यांचं बी बारीक. कुंडीतली काळी माती पाण्यानं घट्ट बसते, वाळली की वर पापडी धरते. ती फोडून वर यायचा जोर त्या कोंबात नसतो. अशा बियांना कोकोपीट चांगलं. नारळाच्या काथ्याचा तो भुसा हलका असतो, हवा खेळती ठेवतो. मात्र त्यात क्षार असू शकतात म्हणून आधी दोन-तीनदा धुऊन घ्यावं. आणि वरून कोरडं दिसलं तरी आत ओलं असतं, तेव्हा बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नये. भोपळा, काकडी, घेवडा यांच्यासाठी हे सोपस्कार नकोत. त्यांना मुळं हलवलेली सोसत नाहीत, सरळ कायमच्या कुंडीतच टोचावं.

कोकोपीटमध्ये पोषण जवळजवळ नसतं, अशी तक्रार लोक करतात. माझ्या मते पहिल्या दोन आठवड्यांपुरता तोच त्याचा गुण! मात्र खरी पानं आली की रोपाला तिथं उपाशी ठेवू नये, खत-मातीत हलवावं. माध्यम हे कायमचं घर नव्हे, बाळंतिणीची खोली आहे.

उरलेली अर्धी पुडी पेरताना हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. ही गेली असती तर आत्याला काय सांगणार होतो? आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहिल्या. आठ मोडल्या. म्हणजे बी चांगलं होतं, खोट माझ्याच मातीत होती. मग धुतलेलं कोकोपीट, मूठभर जाड वाळू, बियाच्या जाडीच्या दुप्पट खोली, पाणी फक्त गरजेपुरतं. त्यातली अकरा रोपं जगली. भरल्या वांग्यांची दोन जेवणंही झाली आमची.

एक फळ मीही झाडावरच पिवळं होऊ दिलं. बाल्कनीत दुसरं वांगं नव्हतं, त्यामुळे परक्या परागाची भीती कमी. बी धुऊन सावलीत वाळवलं आणि पहिली पुडी आत्याला नेऊन दिली. तिनं उघडून, बोटानं चाळवून पाहिलं आणि म्हणाली, "भरलंय चांगलं."

घरातल्यांपैकी कुणाला हवं असेल तर सांगा, थोडं शिल्लक आहे. अट एकच. लाड नंतर करायचे.