काम संपले, पण नोंद केव्हा मिटवावी? : एका इवल्याशा मोजणीचा इतिहास

१/ संगणकाचा इतिहास आपण बहुधा यंत्रांचा आणि संशोधकांचा म्हणून वाचतो. आज मात्र एका प्रश्नाचा इतिहास सांगतो : एखादे काम 'संपले' असे नेमके केव्हा म्हणावे? दूरच्या यंत्रावर माहिती साठवणाऱ्या ड्रायव्हरांना या प्रश्नाने फार छळले आहे. त्याच्या उत्तराबद्दल माझे एक ठाम मत आहे. #धागा

२/ प्रारंभ १९६० चा. एप्रिलमध्ये जॉन मॅकार्थी यांचा लिस्प भाषेवरील निबंध प्रसिद्ध झाला. मेमरी मोकळी करण्याची त्यांची रीत घरातल्या झाडलोटीसारखी होती. जागा संपत आली की काम थांबवायचे, काय वापरात आहे ते पाहायचे आणि उरलेली जागा परत घ्यायची.

३/ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी वाट दाखवली. एकच यादी अनेकांनी वाटून घेतली असेल, तर तिला किती जण धरून आहेत हा आकडा तिच्याजवळच ठेवा. धारक वाढला की एक मिळवा, कमी झाला की एक वजा करा. आकडा शून्यावर आला की जागा मोकळी. हीच संदर्भ-गणना.

४/ लिनक्सच्या कर्नेलला सगळे थांबवून झाडलोट करणे परवडणारे नव्हते. तेथे मोजणीचीच रीत रुजली. प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने मोजत असे. २००४ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी 'केरेफ' नावाचा लहानसा सामाईक साचा दिला : घ्या, परत करा, शेवटच्याने दिवा मालवा.

५/ आता आपला खरा विषय. फिलिप राइस्नर यांनी व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात पदविका-प्रबंधासाठी डीआरबीडी हा ड्रायव्हर लिहिला. एका यंत्राच्या डिस्कवर जे लिहिले जाईल, तेच नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राच्या डिस्कवरही उतरावे, हा त्याचा हेतू. २०१० च्या फेब्रुवारीत आलेल्या कर्नेल २.६.३३ मध्ये तो समाविष्ट झाला.

६/ प्रत्येक लेखनासाठी ड्रायव्हर मेमरीत एक विनंती-नोंद तयार करतो : कोणती माहिती, डिस्कवर कोठे, कोणाच्या सांगण्यावरून. ही नोंद एकाच वेळी अनेकांच्या हाती असते. स्थानिक डिस्क, पॅकेट पाठवणारा धागा, पोच स्वीकारणारा धागा, सगळेच तिला धरून असतात. यांपैकी आधी कोण सुटेल, हे सांगता येत नाही.

७/ डीआरबीडीत तीन पद्धती आहेत. 'सी' पद्धतीत दोन्ही डिस्कांनी होकार दिल्यावरच प्रोग्रामला 'झाले' असे कळते. 'बी' मध्ये माहिती दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचली की पुरते. 'ए' मध्ये मात्र स्थानिक डिस्कवर लिहून झाले आणि पॅकेट आपल्याच यंत्राच्या टीसीपी रांगेत ठेवले, एवढ्यावरच 'झाले' म्हटले जाते.

८/ 'ए' मध्ये मेख आहे. प्रोग्रामपुरते काम संपले. पॅकेट मात्र अजून वाटेत आहे. त्याच क्षणी नोंद मिटवली आणि मग दुवा तुटला, तर डिस्कचे कोणते तुकडे आता एकमेकांशी जुळत नाहीत, हे कोणाला आठवणार? दोन्ही प्रती शांतपणे वेगळ्या होतील. कोठेही त्रुटीचा संदेश उमटणार नाही.

९/ म्हणून नोंद पोच येईपर्यंत टिकवावी लागते. ड्रायव्हर ती आरंभापासून टिकवतही असे. पण निर्णय अनेक खुणांच्या जुळणीवर अवलंबून होता : ही खूण उतरली का, ती चढली का? तो निर्णय घेणाऱ्या फंक्शनच्या नावाचा अर्थच साधारण 'विनंती कदाचित पूर्ण झाली असावी' असा होता!

१०/ २०१२ मध्ये लार्स एलेनबर्ग यांनी या नोंदीत दोन स्वतंत्र आकडे आणले. पहिला शून्य झाला की प्रोग्रामला 'झाले' कळवायचे. दुसरा शून्य झाला की नोंद नष्ट करायची. नष्ट करताना शेवटची तपासणीही होते : एखाद्या बाजूचे लेखन यशस्वी झाले नसेल, तर तो तुकडा 'जुळत नाही' म्हणून नकाशावर टिपला जातो.

११/ याच प्रश्नाची दुसरी बाजू एनबीडी या ड्रायव्हरमध्ये दिसते. तो १९९७ मध्ये पावेल माखेक यांनी लिहिला. त्यात विनंतीसोबत आठ बाइटांची खूण जाते आणि उत्तरासोबत तीच परत येते. पण विनंती संपली की तिचा क्रमांक दुसरीला मिळतो. मग उशिरा आलेले जुने उत्तर नव्या विनंतीच्या खात्यावर जमा होऊ शकते.

१२/ २०१८ मध्ये जोसेफ बासिक यांनी ही खूण दुभागली : ३२ बिटांत क्रमांक, उरलेल्या ३२ बिटांत प्रत्येक खेपेस बदलणारा आकडा. घर तेच असले तरी भाडेकरू बदलला आहे, हे त्यावरून ओळखता येते आणि जुने पत्र नव्या भाडेकरूच्या हाती पडत नाही.

१३/ यावर एक रास्त आक्षेप आहे. दोन आकडे म्हणजे चुकायला दोन जागा. परत करायला कोणी विसरला, तर नोंद कायमची अडकून पडते. हे खरे आहे. पण अडकलेल्या नोंदी साचत जातात आणि कधी ना कधी नजरेस येतात. अकाली मिटवलेली नोंद मात्र दुसऱ्याच कोणाची माहिती बिघडवते, आणि तीही मुकाट्याने. दोहोंत निवड करायची, तर मी पहिला धोका पत्करेन.

१४/ म्हणून माझे मत असे : 'काम झाले' आणि 'नोंद संपली' या दोन घटना आहेत. त्यांना एकच आकडा किंवा खुणांचा एकच गुंता पुरवणे ही काटकसर नव्हे, ती उधारी आहे. कधीतरी ती व्याजासह फेडावी लागते. कॉलिन्स यांनी 'किती जण धरून आहेत?' एवढेच विचारले. पुढच्यांनी त्यात 'कशासाठी?' याची भर घातली.

१५/ इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना एक विनंती. कर्नेलमधील प्रत्येक बदलासोबत तो कोणी, केव्हा आणि का केला याची टिपणे जपलेली असतात आणि ती सर्वांना खुली आहेत. बखरीपेक्षा मूळ कागद मोलाचा, हे आपण जाणतोच. मग हे दफ्तरही उघडून पाहा. ज्या नोंदी घाईने मिटवल्या गेल्या नाहीत, त्यांच्याच बळावर इतिहास लिहिता येतो.

धागा समाप्त.