हे भांडण नव्हे, छळ आहे

“पोरांची भांडणे पोरांनीच मिटवावीत,” हे वाक्य कित्येक मुख्याध्यापकांच्या ओठांवर तयारच असते. सारख्या बळाच्या दोन मुलांत चेंडूवरून जुंपली, तर ते खरेही आहे. परंतु पाचजणांचे टोळके एकाच मुलाला रोज आडनावावरून हिणविते, शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचली जाताच ‘फुकटे’ म्हणते आणि तो “पुरे” म्हणाला की अधिकच हसते, याला भांडण कसे म्हणावे? १९७० च्या दशकापासून शाळकरी मुलांतील छळाचा अभ्यास करणारे नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: तो हेतुपुरस्सर असतो, वारंवार होतो आणि दोन्ही पक्षांचे बळ विषम असते. ही तिसरी खूण आम्हांला कोणी शिकवावयास नको.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. ते गोणपाट गेले. पण “मला या नावाने हाक मारू नका” असे मुलाने सांगावे व इतरांनी ते ऐकावे, एवढी त्याच्या मनाची सीमा पुष्कळ शाळा अद्याप मानीत नाहीत. उलट दोघांना समोरासमोर उभे करून हात मिळवावयास लावतात. छळणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की, आपल्या कृत्याची किंमत एक हस्तांदोलन आहे!

आमचे पालकही निर्दोष नाहीत. “दुर्लक्ष कर, अभ्यास कर,” ही मान खाली घालण्याची जुनीच शिकवण आहे. “तूही दोन ठेवून दे,” म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, मग शाळेच्या दप्तरात आपल्याच मुलाचे नाव चढते. आणि आपला मुलगा एखाद्या पारध्याच्या मुलाला चिडवीत असेल, तर त्याची चौकशी प्रथम आपल्याच घरात झाली पाहिजे.

कोवळ्या मुलांवर फौजदारी करा, असे आम्ही म्हणत नाही; सात वर्षांखालील मुलाचे कृत्य कायदा गुन्हाच मानीत नाही. जाब प्रौढांना विचारावयाचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई करते. जो शिक्षक स्वतःच यादी वाचून हशा पिकवितो, त्याला हे कलम दाखवावे. ३२ व्या कलमान्वये सहा ते चौदा वयाच्या मुलाच्या या कायद्याखालील हक्कांविषयी स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी गाऱ्हाणे मांडता येते. त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यावयाचा असतो. तो न पटल्यास राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे.

म्हणून मुलाला जवळ बसवून विचारा. कोण काय बोलले, कोणत्या तारखेस, कोणी ऐकले, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. तोंडी तक्रार दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर शाळेचा शिक्का व तारीख घ्या आणि ती पोच हाती पडल्याखेरीज कार्यालयातून उठू नका.