कच्च्या वहीला गुण द्या

मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत तयार झालेली लस टोचल्यावर 1902 साली पंजाबातील मुल्कोवाल गावात 19 माणसे धनुर्वाताने दगावली. साऱ्यांची लस एकाच बाटलीतली होती. ठपका ती लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसला जायला 1907 उजाडले. बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे चौकशीतून पुढे आले.

जैवतंत्रज्ञानाचे उत्तम प्रशिक्षण कोणते, यावर परिसंवाद झाले की यादी निघते ती उपकरणांची आणि तंत्रांची. पीसीआर, एचपीएलसी, क्रिस्पर. पडलेल्या चिमट्याचे काय करायचे, हे त्या यादीत क्वचितच असते.

पदवीच्या प्रॅक्टिकलला किटमधली द्रावणे मोजून ठेवलेली असतात. जेलवर बँड आला नाही, तर शेजारच्या बाकावरचा फोटो जर्नलमध्ये चिकटतो. मग घरी बसून सुवाच्य अक्षरात फेअर जर्नल लिहायचे, सही घ्यायची आणि कच्ची वही रद्दीत टाकायची. लस किंवा इन्सुलिन बनवणाऱ्या कारखान्यात नेमका हाच गुन्हा ठरतो! तिथे नोंद काम करतानाच करावी लागते. चुकलेला आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून खोडायचा, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनरला मज्जाव. म्हणजे तीन-पाच वर्षे गुण देऊन लावलेली सवय कंपनीला पहिल्याच महिन्यात मोडावी लागते.

पैसा नाही, ही विभागप्रमुखांची तक्रार खरी आहे. डब्लिनमध्ये 2011 पासून सुरू असलेल्या ‘निबर्ट’सारखे केंद्र, जिथे शिकणारे खऱ्याखुऱ्या बायोरिॲक्टरवर हात चालवतात, प्रत्येक जिल्ह्यात उभे राहणार नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या औद्योगिक प्रशिक्षण योजनेतून काही पदवीधर थेट कंपनीत शिकतात. त्या जागा मोजक्याच. पण नोंदीची शिस्त लावायला फर्मेंटर कशाला हवा? आणि उशीरही परवडणारा नाही. डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित ‘शेड्यूल एम’ने औषध कारखान्यांवरचे गुणवत्तेचे नियम आणखी कडक केले आहेत.

जूनपूर्वी अभ्यास मंडळांनी दोन गोष्टी कराव्यात. जर्नलचे गुण कच्च्या वहीकडे वळवावेत. आणि वर्षातून एकदा तरी मुद्दाम दूषित माध्यम देऊन, कल्चर का बिघडले याचा शोध विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावा. त्या अहवालाला यशस्वी प्रयोगाइतकेच गुण असावेत. एक्स्टर्नल परीक्षकांनीही वायव्याला तीच वही उघडावी. ज्या विभागांनी हे आधीच सुरू केले आहे, त्यांनी आपल्या गुणपत्रिकेचा आराखडा आमच्याकडे पाठवावा. आम्ही तो या मासिकात छापू.