नाळ ठेवलेला डोंगर

हवाई बेटावरच्या मौना केआ शिखरावर तीस मीटर व्यासाची दुर्बीण उभारण्याचा विषय निघाला, की आपल्याकडची शिकलेली माणसं चटकन निकाल देऊन टाकतात : इकडे विज्ञान, तिकडे अंधश्रद्धा. पुण्याची 'आयुका' ही खगोलसंस्था या प्रकल्पातल्या भारतीय गटात आहे, त्यामुळे आपल्याला तर हा निकाल फारच सोयीचा. मला तो साफ अमान्य आहे.

मूळ हवाईयन लोकांच्या पूर्वजांनी ताऱ्यांच्या खुणांवर अख्खा पॅसिफिक पालथा घातला. १९७६ साली 'होकुलेआ' ही जोडहोडी एकाही उपकरणाशिवाय हवाईहून ताहितीला पोचली. अशांना आकाशाचं वावडं आहे म्हणणं म्हणजे कोळ्याला समुद्राचं वावडं आहे म्हणण्यासारखं.

वाद आहे तो जमिनीचा. १८९३ साली राणी लिलिउओकलानीचं राज्य उलथवलं गेलं, राज्याच्या जमिनी परक्या हातात गेल्या. १९६८ मध्ये डोंगराचा माथा हवाई विद्यापीठाला ६५ वर्षांच्या पट्ट्याने मिळाला आणि तिथे एकामागून एक दुर्बिणी उभ्या राहिल्या. डोंगराची नीट निगा राखली नाही, असा ठपका १९९८ साली हवाई राज्य सरकारच्याच लेखापरीक्षकांनी ठेवला. आणि आता तिथेच अठरा मजली उंचीची नवी इमारत!

'एवढ्या मोठ्या डोंगरात पाचेक एकरांनी काय बिघडतं?' असंही विचारलं जातं. माथ्याजवळ वायआऊ नावाचं तळं आहे. काही घराणी आपल्या बाळाची नाळ तिथे नेऊन ठेवतात. आपल्या खेड्यांतही नाळ परसात पुरतात आणि ती जागा कुणी एकरात मोजत नाही.

सगळेच मूळ हवाईयन दुर्बिणीच्या विरोधात नाहीत, हे खरं. २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परवानाही कायम केला. पण परवाना मिळाला म्हणजे होकार मिळाला असं होत नाही. १७ जुलै २०१९ रोजी बांधकाम रोखायला डोंगराच्या वाटेवर खुर्च्या टाकून आजी-आजोबा बसले होते. पोलिसांनी तीसहून अधिक जणांना अटक केली. चालता येत नव्हतं त्यांना उचलून नेलं. ही माणसं स्वतःला 'कियाइ' म्हणवतात, म्हणजे राखणदार.

२०२२च्या कायद्याने डोंगराच्या कारभारासाठी नवं मंडळ नेमलं, त्यात हवाईयन संस्कृतीच्या जाणकारांनाही जागा दिली. दोन जुन्या दुर्बिणी उतरवल्या गेल्या. पट्टा २०३३ साली संपतो. आपण या नव्या दुर्बिणीच्या आरशांचे तुकडे घडवून देणार आहोत. राखणदारांचा होकार येईपर्यंत त्यातला एकही तुकडा मौना केआवर चढणार नाही, हे पुण्याने आणि दिल्लीने आजच उघड सांगावं.